साडेतीन हजार शब्द पाठ करूनही जीआरईचं व्हर्बल का अडतं?

जीआरई म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्यात क्वांट म्हणजे गणिताचा भाग आणि व्हर्बल म्हणजे इंग्रजी आकलनाचा; दोन्हींचे गुण १३० ते १७० मध्ये मोजतात. प्रश्न असा आला आहे: "मॅडम, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. जीआरईच्या सराव परीक्षेत क्वांटला १६५ मिळाले, व्हर्बलला १४३. पाच महिने रोज पहाटे उठून साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ केली, तरी गुण फक्त दोनने वाढले. चार महिने हातात आहेत. यादी पुन्हा पहिल्यापासून करू का? की मराठी माध्यमामुळे माझं एवढंच होणार?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुला आतून पोखरतोय हे तुझ्या लिहिण्यात दिसतं. नाही. १४३ हा माध्यमाचा आकडा नाही. बावीस वर्षं मी सोलापुरात ही परीक्षा शिकवते आहे आणि याच आकड्यावर अडकलेली इंग्रजी माध्यमाची कितीतरी मुलं माझ्यासमोर बसून गेली आहेत. उलट आपल्या गावातल्या पोरांकडे एक गोष्ट जन्मजात असते. घरात तेलुगू नाहीतर कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात दखनी, कॉलेजात इंग्रजी. समोरचा बोलतोय त्यातला प्रत्येक शब्द कळला नाही तरी त्याचा रोख कुठे आहे, हे आपण लहानपणापासून ओळखत आलेलो असतो. व्हर्बलला मुख्यतः हेच लागतं. तू ते इंग्रजी वाचताना वापरत नाहीस, कारण यादीने तुला वाक्याऐवजी सुट्या शब्दाकडे बघायची सवय लावली आहे.

ही यादी आली कुठून, तेही तुला माहीत असायला हवं. ऑगस्ट २०११ पर्यंत जीआरईत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न असायचे. एक सुटा शब्द, खाली पाच पर्याय. वाक्य नाही, संदर्भ नाही. त्या काळात यादी पाठ असणारा खरोखर पुढे जायचा. २०११ मध्ये परीक्षा बदलली, ते दोन्ही प्रकार काढून टाकले, गुणांची पट्टीही २००–८०० ऐवजी १३०–१७० झाली. पण याद्या काही गेल्या नाहीत. झेरॉक्सच्या दुकानातून, सीनियरच्या गठ्ठ्यातून, आता पीडीएफमधून त्या फिरतच राहिल्या. मीसुद्धा २०११ नंतर तीनेक वर्षं मुलांकडून तीच पाठांतरं करून घेतली. ती माझी चूक होती. त्या मुलांची पहाट मी चुकीच्या कामाला लावली याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे उत्तर लांबलं तरी नीट लिहिते आहे.

आजची परीक्षा कशी आहे ते बघ. सप्टेंबर २०२३ पासून ती आखूड झाली. सगळी मिळून १ तास ५८ मिनिटं. त्यात व्हर्बलचे दोन भाग: पहिल्यात १२ प्रश्नांना १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्नांना २३ मिनिटं. म्हणजे २७ प्रश्न, ४१ मिनिटं. यातले जवळजवळ निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात आणि उताऱ्यात अवघड शब्द फार नसतात; अवघड असते ती मांडणी. म्हणजे तुझी यादी शंभर टक्के पाठ असली तरी निम्म्या पेपरला ती फारशी शिवतच नाही. उरलेल्या निम्म्यात गाळलेल्या जागा आहेत आणि तिथेही शब्दाच्या आधी वाक्य येतं.

आता मी वर्गात पहिल्या दिवशी जे करते ते तू घरी कर. गाळलेल्या जागांचे दहा प्रश्न मराठीत सोडव. हो, मराठीत. वर्तमानपत्राच्या अग्रलेखातली दहा वाक्यं घे, मित्राला प्रत्येकातला एक महत्त्वाचा शब्द झाकायला सांग आणि तो ओळख. मग दहा इंग्रजी वाक्यं अशी घे की ज्यांतले सगळे पर्याय तुला माहीत आहेत. शेवटी दहा अशी, ज्यांत पर्यायच अनोळखी आहेत. तिन्हीकडचे गुण शेजारी लिही. मराठीतच चुकत असशील तर प्रश्न तर्काचा आहे. मराठीत बरोबर आणि सोप्या इंग्रजीत चूक येत असेल तर प्रश्न वाक्यरचनेचा. फक्त तिसऱ्यात चुकत असशील तरच शब्दसंग्रहाचा. माझ्या अनुभवात १४० ते १४५ वर अडकलेली बहुतेक मुलं दुसऱ्या टप्प्यावर घसरतात आणि औषध मात्र तिसऱ्याचं घेत असतात.

एक नमुना देते. "समितीचा अहवाल वरवर पाहता ______ वाटतो; प्रत्यक्षात मात्र त्यातली एकही शिफारस जुन्या धोरणाच्या चौकटीबाहेर जात नाही." पर्याय: क्रांतिकारी, सविस्तर, कंटाळवाणा, पक्षपाती, पारंपरिक. तू क्षणात 'क्रांतिकारी' म्हणशील. कसं म्हणालास ते जरा थांबून बघ. 'वरवर' आणि 'मात्र' यांनी सांगितलं की दोन अर्धी एकमेकांविरुद्ध आहेत. दुसऱ्या अर्ध्याने सांगितलं की अहवालात नवं काही नाही. म्हणजे पहिल्यात 'नवा, धाडसी' असं काहीतरी हवं. 'सविस्तर' मोहात पाडतो, कारण अहवाल सविस्तर असतातच. पण वाक्यात लांबीबद्दल अवाक्षर नाही. 'पारंपरिक' दुसऱ्या अर्ध्याशी जुळतो म्हणून फसवतो. 'मात्र' नजरेतून सुटला की माणूस तिथेच जाऊन पडतो. इंग्रजी प्रश्नातले सापळे नेमके हेच दोन असतात. जगाबद्दल खरा पण वाक्यात आधार नसलेला शब्द, आणि वळण विसरलेल्याने उचललेला शब्द.

म्हणून नियम एकच: पर्याय हाताने झाक, जागेत आपल्या मनाचा साधा शब्द ठेव, मराठी सुचला तरी चालेल, आणि मगच पर्याय उघड. दोन-तीन रिकाम्या जागा असतील तर पहिलीपासूनच सुरुवात केली पाहिजे असं नाही. जिला वाक्यात सगळ्यात ठोस पुरावा आहे ती आधी भर. तिथे अर्धे गुण नसतात, सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण.

दोन उत्तरं निवडायच्या प्रश्नाची गंमत वेगळी आहे. सहा पर्यायांतले असे दोन हवेत की दोघांनीही वाक्याचा अर्थ एकच होतो. समज, 'तो व्याख्याता इतका अमुक की कितीही मोठ्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर संपवायचा'. पर्यायांत लॅकॉनिक आणि टर्स असतील, ही बरोबर जोडी. पण लोक्वेशस आणि गार्युलस हीसुद्धा सुरेख जोडी समोर ठेवलेली असेल, फक्त उलट अर्थाची. आणि एकटाच 'शाय' असेल. लाजाळू माणूस कमी बोलतो हे खरंच आहे, पण त्याला जोडीदार नाही. यादी पाठ करणारा मुलगा समानार्थी जोडी दिसली की टिक करून मोकळा होतो. वाक्य वाचायचंच राहतं.

आता दुसरा टप्पा, वाक्यरचना. मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण वाक्य संपेपर्यंत निकाल राखून ठेवतो. इंग्रजीत कर्ता आधी येतो, मग दोन स्वल्पविरामांच्या मध्ये चार ओळींचं लटांबर आणि मग कुठेतरी क्रियापद. तोवर कर्ता कोण होता हेच डोक्यातून गेलेलं असतं. लांब वाक्य आलं की आधी कर्ता आणि क्रियापद यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मार, मधलं सगळं कंसात टाक आणि फक्त सांगाडा वाच. आठवडाभर रोज पंधरा वाक्यं. परीक्षेत पडद्यावर रेघ मारता येत नाही, पण तोवर डोळ्याला सवय झालेली असते.

त्याच्या जोडीला वळणाचे शब्द. हे शब्द कुठल्याच यादीत नसतात, कारण ते सगळ्यांना 'येतात'. 'ऑल बट इम्पॉसिबल' म्हणजे जवळजवळ अशक्य, आणि 'एनिथिंग बट इम्पॉसिबल' म्हणजे मुळीच अशक्य नाही. 'नथिंग इफ नॉट ऑनेस्ट' म्हणजे प्रामाणिकपणाबद्दल शंकाच नको असा. 'फॉर' वाक्याच्या मध्ये स्वल्पविरामानंतर आला तर पुष्कळदा 'कारण'. 'व्हाइल' सुरुवातीला आला तर बहुधा 'जरी'. 'येट' कधी 'अजून', कधी 'तरीही'. 'बट' कधी 'पण', कधी 'केवळ'. 'इफ एनिथिंग' म्हणजे 'झालंच तर उलट'. 'फार फ्रॉम'मध्ये अंतर नसतं, नकार असतो. असे साठ-सत्तर शब्द आणि शब्दगट आहेत. ते तू वाचता वाचता स्वतः गोळा कर, प्रत्येकासमोर ते सापडलं ते वाक्य लिही. साडेतीन हजारांच्या यादीपेक्षा या साठ-सत्तरांनी तुझे जास्त गुण वाढतील, हे मी जबाबदारीने सांगते.

मग शब्द शिकायचेच नाहीत का? शिकायचे. पण आठशे ते हजार, आणि पक्के. तुझ्या वहीत शब्दासमोर एकच मराठी शब्द लिहिलेला असणार. तिथेच गाडी अडते. आपल्याकडे काटकसरी, हात राखून खर्च करणारा, कंजूष, चिक्कू, कवडीचुंबक यांचा अर्थ ढोबळमानाने एकच, पण आजीला काटकसरी म्हटलं तर ती खूश होते आणि कवडीचुंबक म्हटलं तर ताटातली शेंगाचटणी काढून घेईल. इंग्रजीत थ्रिफ्टी, फ्रूगल, पार्सिमोनिअस, मायझरली यांच्यात हेच अंतर आहे. पहिले दोन स्तुतीकडे झुकतात, नंतरचे दोन निंदेकडे. परीक्षक अर्थ विचारत नाही, हा झुकाव विचारतो. म्हणून प्रत्येक शब्दाला तीन गोष्टी लाव. कुठल्या वाक्यात भेटला ते, स्तुतीचा की निंदेचा की मधला ते, आणि कुणाच्या संगतीत बसतो ते: माणसाला लागतो, युक्तिवादाला लागतो की शैलीला.

याहून दुर्लक्षित असतात ते 'ओळखीचे' शब्द. क्वालिफाय म्हणजे पात्र होणं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण 'क्वालिफाइड प्रेझ' म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. सँक्शन म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. चेक आणि अरेस्ट म्हणजे रोखणं, वाँट म्हणजे उणीव, फ्लॅग म्हणजे जोर ओसरणं, इकॉनॉमी म्हणजे शब्दांची वा खर्चाची काटकसर. आणि टेम्पर! हा तर तुझ्याच वर्कशॉपमधला शब्द. तापलेलं पोलाद क्वेंच केलं, म्हणजे एकदम थंड केलं, की कडक पण ठिसूळ होतं. मग ते पुन्हा तापवून टेम्पर करतात, थोडा कडकपणा सोडतात आणि चिवटपणा मिळवतात. 'टेम्पर्ड क्रिटिसिझम' म्हणजे धार थोडी उतरवलेली टीका. तू हे मेटलर्जीच्या पेपरात लिहिलं असशील, आणि व्हर्बलमध्ये त्याचा अर्थ 'चिडका' असा लावून आला असशील.

मूळ धातूंवरून अर्थ काढायची पद्धत आपल्या मुलांना पटकन जमते, कारण शाळेत संस्कृत नसलं तरी आहार, विहार, प्रहार, संहार यांत 'हार' तोच आणि उपसर्गाने अर्थ कुठल्या कुठे गेला, हे आपल्या कानाला माहीत असतं. इंग्रजीत लॅटिनमधून आलेला बोलण्याचा 'लोक' तसाच: एलोक्वंट, लोक्वेशस, सोलिलोक्वी, ऑब्लोक्वी, सर्कमलोक्यूशन. एक ओळखला की कुटुंब हाती लागतं. मात्र दिसण्यावर जाऊ नकोस. एनर्व्हेटमध्ये एनर्जी ऐकू येते, अर्थ आहे शक्ती काढून घेणं. रेस्टिव्हला विश्रांतीशी देणंघेणं नाही, तो अस्वस्थ असतो. नॉइसमला आवाज नसतो, दुर्गंध असतो. डिसइंटरेस्टेड म्हणजे कंटाळलेला नव्हे, निःपक्ष.

उताऱ्यांकडे येते. तिथे सोलापूरच्या मुलांची एक खास चूक मी बघते, म्हणून वर्गासाठी मी स्वतः एक उतारा रचला आहे. त्याचा सारांश असा: 'गिरणी बंद पडली ती मजुरीवाढीमुळे, असं सहसा सांगतात. पण ज्या गावांत मजुरी वाढली नव्हती तिथल्या गिरण्याही त्याच काळात बंद पडल्या. म्हणून मजुरीचा काहीच वाटा नव्हता असं नव्हे. पण सगळा भार तिच्यावर टाकता येत नाही.' प्रश्न: लेखकाचं म्हणणं काय? पहिला पर्याय, गिरणी मजुरीवाढीमुळे बंद पडली नाही. दुसरा, मजुरीवाढ हे पूर्ण कारण ठरत नाही. तिसरा, मालकांनी यंत्रांकडे दुर्लक्ष केलं. अर्धा वर्ग तिसरा पर्याय निवडतो. का? कारण आपल्याकडे प्रत्येक घरात मिलची एक गोष्ट असते. आजोबा भोंग्यावर उठून जायचे, मग काय झालं, कुणामुळे झालं, हे पोरांनी जेवताना ऐकलेलं असतं. ती घरची गोष्ट खरीही असेल. पण ती उताऱ्यात नाही. उरलेले बरेचजण पहिला निवडतात, आणि तो लेखकापेक्षा एक पाऊल पुढे जातो. उत्तर दुसरं, सगळ्यात बेताचं बोलणारं. बरोबर उत्तर बहुतेक वेळा असंच बेताचं असतं. 'सगळे', 'कधीच नाही', 'फक्त' असे शब्द दिसले की उताऱ्यात तेवढा पुरावा आहे का ते तपास.

उतारा वाचताना लेखक काय सांगतो याहून लेखक काय करतो ते मनात मराठीत नोंदव: दुसऱ्याचं मत मांडतो, त्याला धक्का देतो, पुरावा देतो, मग स्वतःच्याच दाव्याला थोडी मुरड घालतो. वरच्या उताऱ्यात नेमकं हेच आहे. एवढं हाती असलं की तपशील विसरला तरी चालतो, तो पुन्हा बघता येतो. तीन पर्यायांतले लागू ते सगळे निवडा, असा प्रश्न आला तर प्रत्येक पर्याय स्वतंत्र प्रश्न समजून तपास. तिथेही अर्धे गुण नाहीत.

वाचायचं काय? तुला जे आवडत नाही ते. मेकॅनिकलचा मुलगा तंत्रज्ञानाचे लेख वाचतो आणि खूश राहतो. परीक्षेत मात्र चित्रकलेचा इतिहास, एखाद्या कादंबरीकाराबद्दलचा वाद, मुंग्यांचं वर्तन असं काहीही येतं. रोज चाळीस मिनिटं असे लेख घे, आठवड्यातून दोन-तीन दिवस वाचनालयात बसून कागदावर आणि एरवी पडद्यावर, कारण परीक्षा पडद्यावर आहे. लेख संपला की तीन ओळींत मराठीत लिही: कुणाचं मत, कुणाला उत्तर, शेवटी कुठे पोचला. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर लेख पुन्हा वाच.

वेळेबद्दल थोडक्यात. परीक्षा भागानुसार बदलते: पहिल्या भागातल्या कामगिरीवरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. एका भागाच्या आत मात्र प्रश्न तेच असतात. पुढे-मागे जाता येतं, खूण करून ठेवता येते. चुकीला उणे गुण नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडायची नाही. लांब उतारा पहिलाच आला तर त्याला खूण करून पुढे जा, छोटे प्रश्न उरक आणि मग परत ये. सरावासाठी ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या दोन मोफत पॉवरप्रेप परीक्षा आहेत. एक सहा आठवड्यांनी दे, दुसरी परीक्षेच्या दहा दिवस आधी. बाजारातले नकली प्रश्न गाळलेल्या जागांसाठी एकवेळ चालतात, उताऱ्यांसाठी अजिबात नाही; त्यांचे पर्याय इतके काटेकोर नसतात आणि चुकीचं उत्तर बरोबर ठरवायची सवय लावून जातात.

घरून परीक्षा द्यायची सोय आहे, पण तू पूर्व भागात राहतोस असं लिहिलं आहेस. शेजारी यंत्रमागाची खटखट असेल तर तो विचार सोड. खोलीत एकटं असावं लागतं, पलीकडून पर्यवेक्षक सतत बघत असतो, आणि मध्येच वीज किंवा नेट गेलं तर मन थाऱ्यावर राहत नाही. पुण्यातलं केंद्र घे. आणि सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून त्याच दिवशी परीक्षेला बसू नकोस, आदल्या दिवशी जाऊन मुक्काम कर. नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते आजच बघ. वडिलांचं नाव मध्ये घालण्याच्या आपल्या सवयीने ऐनवेळी घोळ होतात.

एक गोष्ट फी भरायच्या आधी तपास. २०२० नंतर अमेरिकेतल्या पुष्कळ विभागांनी जीआरई ऐच्छिक केली किंवा बंदच केली. तुझ्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठाचं नव्हे, प्रत्येक विभागाचं पान उघडून बघ. टोफेल किंवा आयईएलटीएस ही वेगळी गरज आहे. तिथे तुझं इंग्रजी व्यवहाराला पुरतं का ते बघतात, जीआरईत इंग्रजीतून युक्तिवाद पेलतो का ते. मेकॅनिकलला क्वांटचं वजन जास्त असतं, म्हणून व्हर्बलमध्येही १६५ च्या मागे धावू नकोस. चार महिन्यांत व्हर्बलला १५२–१५४ हे तुझ्यासाठी रास्त उद्दिष्ट आहे. गुण पाच वर्षं चालतात आणि २१ दिवसांनी परीक्षा पुन्हा देता येते, त्यामुळे एकाच दिवसावर सगळं लटकलेलं नाही.

यादी आता मिटून ठेव, फेकू नकोस. वाचताना एखादा शब्द अडला तर ती उघडून बघ आणि सापडल्यावर खूण कर. चार महिन्यांनी ज्यांच्यावर दोनदा खूण झाली तेच तुझे खरे शब्द. या रविवारी वर सांगितलेले तीस प्रश्न सोडव, तिन्ही टप्प्यांचे गुण आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे 'वळण सुटलं', 'कर्ता हरवला', 'शब्द माहीत नव्हता', 'घरचं ज्ञान आणलं' यांपैकी जे खरं असेल ते लिहून मला पाठव. पुढच्या तीन आठवड्यांत काय करायचं ते मी त्यावरून सांगते.